निवळलेली प्रत

माझं मन दगडाचं आहे म्हणून मला नोकरी मिळाली. हे मी गमतीनं म्हणत नाही. नेमणूकपत्रात ‘अल्पतम क्षोभ असलेली वाचक’ असे शब्द होते आणि मी ते पत्र कौतुकानं सासूबाईंना वाचून दाखवलं होतं. त्या म्हणाल्या, “आम्हाला हे फुकटात कळलं होतं.”

सांगलीत विश्रामबागेत वाङ्मय निवळणी केंद्र होतं. पुस्तकांवरून दंगे व्हायचे, छापखान्यांच्या काचा फुटायच्या, लेखक पोलीस बंदोबस्तात भाजी आणायला जायचे, त्या काळात सरकारनं एक कायदा केला. आक्षेपार्ह काय हे ना मंत्र्यानं ठरवायचं, ना मोर्चेवाल्यांनी, ना लेखकानं. ते वाचकाच्या शरीरानं ठरवायचं. कारण तोंड खोटं बोलतं, शरीर बोलत नाही, असं तेव्हा सगळ्यांचं मत होतं.

त्यासाठी जे यंत्र बसवलं त्याचं नाव निवळी. पूर्वी गढूळ पाण्याच्या घागरीत निवळीचं बी उगाळून घालत. गाळ तळाला बसे आणि वरचं पाणी स्वच्छ होई. आमची निवळी पुस्तकांचा गाळ काढायची.

काम सोपं होतं. वाचकाच्या मनगटाला पट्टा आणि डोळ्यांवर चष्मा. माणूस चिडला, दुखावला, की कातडीला अगदी बारीक घाम सुटतो, त्याचा त्यालाही पत्ता लागत नाही. ओलसर कातडीतून वीज जरा सहज वाहते, आणि पट्टा तेवढंच मोजतो. नाडीही तोच बघतो. चष्म्याला कळतं की नजर कुठल्या शब्दावर आहे आणि डोळ्याची बाहुली किती मोठी झाली. या सगळ्याची गोळाबेरीज म्हणजे त्या वाक्याचा क्षोभांक, आणि तो पडद्यावर रेघेनं उमटायचा. तो मर्यादेपलीकडं गेला की उतारा बाद. मग निवळी त्या लेखकाचीच शैली उचलून दोन्ही काठ असे शिवायची की मधे काही होतं याची शंकासुद्धा येऊ नये.

सगळ्या वाचकांचं वजन मात्र सारखं नसे. आमच्याकडं तोडकर काका होते, निवृत्त पोस्टमास्तर. त्यांची रेघ पानापानाला उडायची. नायिकेनं पदर सावरला तरी उडायची आणि नाही सावरला तरी उडायची. यंत्राच्या हे लक्षात आलं आणि त्यानं काकांचं वजन कमी करत आणलं. ऊठसूट बोंबलणाऱ्याकडं गल्ली लक्ष देत नाही, पण मुका ओरडला तर सगळे दारात येतात. त्या केंद्रातली मुकी मी. खून वाचले, शिव्या वाचल्या, देवादिकांची टिंगल वाचली, माझी रेघ आपली सरळ. त्यामुळं मला ‘प्रमाण वाचक’ केलं होतं. माझी रेघ एकदा हलली तर ती बाकी सगळ्यांना पुरून उरायची.

आणि या गोष्टीचा मला माज होता. का नसावा?

पुस्तक आमच्याकडं कोरं येई. म्हणजे लेखकाचं नाव, अर्पणपत्रिका, मनोगत सगळं काढून. वाचता वाचता लेखक ओळखीचा वाटला, तर ‘ओळख लागली’ असं म्हणून प्रत खाली ठेवायची, हा आमचा सर्वांत मोठा नियम. सोयरसुतकाच्या माणसानं पंगतीत वाढायला जाऊ नये, तसंच ते. मी हा नियम नव्या लोकांना शिकवायचे.

त्या वर्षी उन्हाळ्यात एक कोरी कादंबरी माझ्यासमोर आली. एका लग्नाची गोष्ट होती. नवरा खो-खोचा प्रशिक्षक, बायको बँकेत. मी मनात म्हटलं, प्रशिक्षक काय जगात एकच असतो? माझा नवरा अभिनंदन चौगुले सांगलीत मुलींचा खो-खो संघ तयार करतो, पण असे मिरजेतही चार आहेत. तरी मी जरा सरसावून बसले.

तिसऱ्या प्रकरणात सकाळ होते. दोघं अंथरुणात. आज चहा कुणी करायचा यावर वाद. बायको नवऱ्याच्या पाठीवर थाप मारते आणि म्हणते, “खो!” खेळात बसलेल्या गड्याच्या पाठीवर थाप पडून खो मिळाला की त्याला उठून पळावंच लागतं. तसा तो उठतो, चहा करतो, आलं घालून, आणि कप तिच्या उशाशी आणून ठेवतो. रोज.

मी वाचायची थांबले.

आमच्याकडंही खो होता. रोज सकाळी अभिनंदन माझ्या पाठीवर थाप मारून म्हणायचा, “खो!” आणि मी उठून चहा करायचे. लग्नानंतर पहिल्यांदा त्यानं तसं केलं तेव्हा मी हरखले होते. वाटलं, काय गोड खेळ काढलाय माझ्यासाठी. आता कळत होतं की खेळ जुना होता, माझ्या आधीच्या बाईबरोबरचा होता, आणि वर मला उलटा मिळाला होता. तिथं तो उठायचा. इथं मी उठत होते.

अभिनंदनचं आधी एक लग्न झालेलं होतं, हे मला माहीत होतं. लपवलेलं काहीच नव्हतं. मृण्मयी उपाध्ये तिचं नाव. घटस्फोट झाला, ती कोल्हापूरला गेली, विषय संपला. मी त्याबद्दल कधी विचारलं नाही आणि न विचारण्याचा मला अभिमान होता. मी जळकी बाई नाही, असं माझं माझ्याबद्दलचं मत होतं.

नियमानं मी तिथंच ‘ओळख लागली’ म्हणायला हवं होतं. नाही म्हटलं. कुणी बाई आपल्या नवऱ्याबद्दल चारशे पानं लिहून समोर ठेवते, आणि तुम्ही प्रत खाली ठेवता? मी तर नाही ठेवली. शिवाय मला माझ्या दगडपणाची खात्री होती. वाचू, कळेल काय ते, रेघ कशाला हलतेय.

मी पुढं वाचलं. हरिपूरच्या रस्त्यावर स्कूटर बंद पडली तर हा माणूस तिला स्कूटरवर बसवून ढकलत नेतो आणि मोठ्यानं गातो. गातो! आमच्या घरी त्यानं राष्ट्रगीताखेरीज काही गायलेलं मी ऐकलं नव्हतं. तिला बँकेत बढती मिळते, तर हा शेजारच्या घराघरांत पेढे वाटत फिरतो. तिला ताप आला तर तिच्या केसांना तेल लावून वेणी घालतो, तीही वाकडी. मला ताप आला तेव्हा त्यानं औषधाच्या दुकानाचा नंबर शोधून दिला होता.

भांडणंही होती पुस्तकात. स्पर्धा, सराव, घरी उशिरा येणं. एकदा तो ताट भिरकावतो. तिचा गर्भ पडतो त्या दिवशी तो संघ घेऊन परगावी असतो आणि परत येत नाही, अंतिम सामना खेळून मगच येतो. ही पानं मी आरामात वाचली. खरं सांगायचं तर चवीनं वाचली. भांडा, म्हटलं. अजून भांडा.

वाचन संपल्यावर केंद्राचे संचालक रणदिवे सर स्वतः माझ्या टेबलापाशी आले. देवदत्त रणदिवे, यंत्रातला मोठा माणूस, पण पुस्तक आपणहून कधी उघडलं नसेल. त्यांच्या चेहऱ्यावर ग्रहण बघायला आल्यासारखं कुतूहल होतं.

“केतकीताई, तुमची रेघ हलली!”

“हलली का?”

“हलली? अहो, छताला लागली. आठ वर्षांत पहिल्यांदा. काय भयंकर आहे त्या पुस्तकात?”

“वाचवत नाही असं आहे काही काही,” मी म्हटलं. हे खोटं नव्हतं.

“इतर वाचकांना काही वाटलेलं नाही. पण तुमच्यासारखी बाई इतकी दुखावली, म्हणजे खोल काहीतरी असणार. निवळीनं तुमचंच धरलंय.”

बाद उताऱ्यांची प्रत त्यांनी माझ्या पडद्यावर उघडली. चहा गेला होता. स्कूटर गेली होती, पेढे गेले होते, वाकडी वेणी गेली होती. ताट भिरकावल्यानंतर दोघंही जमिनीवर बसून भाताची शितं वेचतात आणि वेचता वेचता हसू फुटतं, ते हसू गेलं होतं. ताट राहिलं होतं. सामन्याहून आल्यावर तो आठवडाभर घराबाहेर पडत नाही, तिच्या पायाशी बसून राहतो, तो आठवडा गेला होता. सामना राहिला होता. शिवण इतकी सफाईदार होती की कुठं हातालाही लागू नये.

तिथं काय चाललंय हे मला दिसत होतं. बोलायला तोंड होतं. पण आतून एक गारवा पसरला. गेलं सगळं. आता ते कुणी वाचणार नाही. मी “ठीक आहे” म्हटलं आणि डबा खायला गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाठीवर थाप पडली. “खो!”

“आज तू कर,” मी म्हटलं.

“काय झालं?”

“काही नाही. खो परत.”

“खो परत देता येत नाही गं. फाऊल धरतात,” असं म्हणून तो हसला आणि कूस बदलून झोपला. मी चहा केला. इतका कडू केला की त्याचं तोंड वाकडं झालं, पण प्यायला मुकाट्यानं.

दिवाळीच्या सुमाराला पुस्तक आलं. त्यावर निवळीचा शिक्का होता, म्हणजे त्याच्यावर खटला नाही आणि मोर्चाही नाही. लोकांनी ते उचलून धरलं. एका निर्दय माणसाच्या संसारात घुसमटलेल्या बाईची कहाणी, असं सगळीकडं छापून आलं. नावं बदललेली होती, पण सांगली लहान गाव आहे. खो-खो, मुलींचा संघ, बँकेतली बायको. आठवड्याभरात मारुती चौकात चहाच्या टपरीवरसुद्धा माहीत झालं की पुस्तकातला ताट फेकणारा तो म्हणजे आपले चौगुले सर.

आधी एका मुलीच्या वडिलांचा फोन आला. मग तीन आया मैदानावर येऊन आपल्या पोरींना बॅगांसकट घेऊन गेल्या. एक म्हणाली, “सर, तुमच्याबद्दल आमचं काही म्हणणं नाही. पण पोरी हाताखाली देताना विचार करायला पाहिजे की.” राज्य स्पर्धा तोंडावर आलेली. मैदानात जिथं अकरा जणी धावायच्या तिथं चौघी उरल्या. क्रीडा मंडळानं त्याला काही दिवस घरी राहायला सांगितलं.

अभिनंदननं पुस्तक विकत आणलं आणि दोन बैठकांत वाचून काढलं. मी स्वयंपाकघरातून त्याच्याकडं बघत होते. मला वाटलं, चिडेल, तिला फोन करेल, बदनामीचा दावा लावतो म्हणेल. तो पुस्तक मिटून नुसता बसला.

“खोटं लिहिलंय का?” मी विचारलं.

“नाही. खरं आहे सगळं. ताट फेकलं होतं मी. सामन्यालाही थांबलो होतो.” मग म्हणाला, “पण मला वाटत होतं की एवढंच नव्हतं. आणखी काहीतरी होतं आमच्यात.”

“काय होतं?”

“आता नाही आठवत नीट. ती तर तिथंच होती, तिला आठवायला पाहिजे. तिनं लिहिलं नाही म्हणजे नसेल. मी असाच होतो काय गं, केतकी? आपण चांगलं वागलो असं आपल्याला उगीच वाटत राहतं काय?”

लोकांनी त्याला वाईट म्हटलं ते एकवेळ सोसलं असतं. पण तो स्वतःच त्या कापलेल्या पुस्तकावर विश्वास ठेवायला लागला होता. उरलेल्या चार मुली घरी काही विचारायला आल्या, तर त्यांना आवाज चढवून सूचना द्यायचंही त्यानं बंद केलं. सरावाचा विषय काढला तर म्हणे, “नको. माझा काय भरवसा.” जेवताना ताट हळूच, दोन्ही हातांनी खाली ठेवायचा.

मी रणदिवे सरांकडं गेले आणि दार लावून घेतलं.

“सर, ते उतारे आक्षेपार्ह नव्हते.”

“तुमचीच रेघ आहे ताई.”

“रेघ माझीच आहे. पण ती दुखावल्याची नाही. जळल्याची आहे. तो माझा नवरा आहे, आणि ते सुख माझ्या वाट्याला आलेलं नाही. मत्सर वाटला मला.” इतकं सरळ मी ते स्वतःलाही सांगितलं नव्हतं. बोलून झाल्यावर कानशिलं तापली.

सर पेन उघडमीट करू लागले. ओळख लागूनही वाचल्याबद्दल ते रागावतील असं मला वाटत होतं. पण त्यांचा चेहरा उतरला होता तो वेगळ्याच कारणानं.

“राग आला की घाम येतो,” ते म्हणाले. “अपमान झाला की येतो. भीती वाटली तरी येतो. शरीराला तेवढंच कळतं, की काहीतरी लागलं. काय लागलं त्याचं नाव शरीर सांगत नाही, ते आपण वरून चिकटवलं. आक्षेप असं चिकटवलं. मत्सराचा विचारच नाही केला आम्ही.” मग एकदम माझ्याकडं बघून म्हणाले, “पण मग बाकीच्यांचं काय?”

त्यांनी जुन्या पुस्तकांचे बाद उतारे उघडले. शिव्या होत्या, जातीवरून टोमणे होते, ते ठीक. पण त्यांच्यामधे भलतंच काहीबाही होतं. एक सासू आपल्या हातातली पाटली काढून सुनेच्या हातात घालते. एक पोरगा पहिल्याच फटक्यात परीक्षा पास होतो आणि बाप त्याला खांद्यावर घेतो. एक म्हातारा आणि म्हातारी पायरीवर बसून पेरू वाटून खातात. बाद. बाद. बाद. पेरूवर उडालेली रेघ तोडकर काकांची होती, त्यांचं वजन कमी व्हायच्या आधीची, आणि त्यांच्यासारख्याच दोघातिघांची. काकांची बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती. त्यांची रेघ म्हणे नेहमी अशाच ठिकाणी सर्वांत उंच गेलेली, जिथं दोन म्हातारी माणसं एकत्र जेवतात. पदरबिदराचं कारण आम्ही चिकटवलेलं.

अलीकडच्या मराठी कादंबऱ्या इतक्या रडक्या का झाल्यात, यावर संमेलनांतून परिसंवाद झडत होते. कुणी बेकारी म्हणे, कुणी हवामान. खरं म्हणजे सुख आम्हीच उचलून फेकत होतो. कारण दुसऱ्याचं सुख वाचताना कुणाच्या ना कुणाच्या जिवाला लागतंच.

“हे बाहेर गेलं तर केंद्र बंद पडेल,” सर म्हणाले. मग त्यांनी मऊ आवाजात एक वाट सुचवली. “फेरवाचन करा. नियमात बसतं. तेच उतारे पुन्हा वाचा. रेघ सरळ आली की निवळी आपोआप ते परत घेईल. कुणाला काही सांगायला नको, तुमची नोकरीही राहील.”

मी पट्टा बांधला. डोळे मिटून दहा वेळा श्वास घेतला. मनात म्हटलं, जुनी गोष्ट आहे, तेव्हा मी नव्हतेच, माझं काय गेलं? चहाचं पान उघडलं. “आलं घालून” इथपर्यंत येईस्तोवर रेघ छताला. पाणी प्यायले, पुन्हा बसले. पेढे. छत. वेणी. छत. तिसऱ्यांदा वाचताना तर मजकूर उघडायच्या आधीच उडाली. शेवटचं प्रकरण मी वाचायलाच घेतलं नाही. मनाला समजावता येतं. घामाला कोण समजावणार?

मग दुसरीच वाट उरली. मी ओळख लपवून वाचलं असं लिहून द्यायचं, का दुखावले ते लिहून द्यायचं, आणि वाचन रद्द करून घ्यायचं. त्यात नोकरी जाणार होती आणि अब्रूही. शिवाय उतारे परत घालायला लेखिकेची संमती लागते, म्हणून मृण्मयीला बोलावणं गेलं.

ती आली. फोटोत असते त्यापेक्षा बुटकी, सुती कुडता, पिकलेले केस न रंगवलेले. केंद्राच्या उपाहारगृहात आम्ही समोरासमोर बसलो आणि मी तिला सगळं सांगितलं. तिनं मधे एकदाही तोडलं नाही. हेही मला आवडलं नाही.

“म्हणजे तुम्ही,” ती म्हणाली.

“मीच.”

“मला वाटलं, माझं लिखाण कच्चं आहे. भांडणं जमली, सुख जमलं नाही. लोकांना ते खोटं वाटलं, टोचलं, म्हणून उडवलं असेल. म्हणून मी सही केली. त्यानंतर एक ओळ लिहिलेली नाही हो मी.”

“जमलंय,” मी म्हटलं. “फार जमलंय. म्हणून तर.”

ती हसली. हसू चांगलं होतं, मोकळं. पुस्तकात लिहिलं होतं तसंच.

“अभि कसा आहे?” तिनं विचारलं.

मी त्याला अभिनंदन म्हणते. पूर्ण नावानं. लग्नाला आठ वर्षं झाली, ‘अभि’ म्हणावं असं मला कधी सुचलंही नव्हतं. “बरा नाही,” मी म्हटलं. “तुमचं अर्धंच पुस्तक वाचलंय त्यानं.” तिनं तिथल्या तिथं संमतीवर सही केली. मग मी माझ्या कागदावर केली.

घरी येऊन अभिनंदनला सांगितलं. उभ्यानंच सांगितलं, पर्सही खाली ठेवली नाही. मी वाचलं, मी जळले, माझ्यामुळं तुझं चांगलं तेवढं कापलं गेलं. कळत असून गप्प बसले. तो ओरडेल म्हणून मी वाट बघत होते. त्यानं मला शिव्या घातल्या असत्या तर परवडलं असतं.

तो म्हणाला, “म्हणजे तिनं लिहिलं होतं? चहाचं? स्कूटरचं?”

“हो.”

“तिला आठवतंय सगळं?”

आणि त्याचा चेहरा असा उजळला की मला बघवेना. मी त्याला त्याचा चांगुलपणा परत आणून दिला होता, माझी नोकरी देऊन. आणि तो आनंदला होता दुसरीच्याच आठवणीनं. मला वाटलं, करावी ती सही आणि वर हे बघावं. मी आत गेले आणि कूकर लावला.

पुढं जे व्हायचं ते झालं. वर्तमानपत्रांनी ‘जळक्या वाचकबाई’ असा मथळा दिला, एकानं तर माझा लग्नातला फोटो छापला. सासूबाईंनी तो कापून ठेवला. निवळीचं काम थांबवण्यात आलं, चौकशी बसली. क्रीडा मंडळानं अभिनंदनला मैदानावर परत घेतलं, आणि मुलींपैकी पाच जणी परत आल्या. दोघी नाही आल्या, त्या नाहीच आल्या. संघ राज्य स्पर्धेत पहिल्याच फेरीत हरला, पण अभिनंदन मैदानाच्या कडेनं पूर्वीसारखा घसा फोडून ओरडत होता.

पुस्तकाची पूर्ण आवृत्ती निघाली तेव्हा प्रकाशन सांगलीतच ठेवलं. अभिनंदन नको म्हणत होता. मीच त्याला इस्त्रीचा शर्ट घालायला लावून घेऊन गेले. सभागृह गच्च भरलं होतं. लोक त्याच्याकडं बघत होते, मग माझ्याकडं, मग कानात कुजबुजत होते. आम्ही तिसऱ्या रांगेत बसलो.

मृण्मयी वाचायला उभी राहिली. चहाचा उतारा वाचला. आमच्या पुढच्या रांगेतल्या बाईंनी नवऱ्याला कोपर मारलं आणि म्हणाल्या, “ऐका. नुसते बसू नका.” लोक हसले. एक तरुण मुलगी हनुवटीला हात लावून अशी ऐकत होती की तिला तो चहा आत्ता हवा होता आणि मिळणार नव्हता, हे कुणालाही कळावं. मागं कुणीतरी सुस्कारा टाकला. मी वळून बघितलं. ओळखीचीच सगळी तोंडं. कुणाचं लग्न मोडलेलं, कुणाचं जुळलेलंच नाही, कुणाचं नुसतंच चाललेलं. सगळं सभागृह थोडंथोडं जळत होतं आणि एकही माणूस उठून जात नव्हता.

मग ती शेवटच्या प्रकरणाकडं वळली. वाचता वाचता तिनं मान वर केली. मी तिला दिसले. ती क्षणभर थांबली, तिनं दोन पानं एकदम उलटली आणि कोल्हापूरच्या गाडीत बसल्याचा परिच्छेद वाचायला घेतला.

तिनं काय गाळलं ते त्या सभागृहात दोघींनाच ठाऊक होतं. एक ती, आणि दुसरी मी. घटस्फोटाचा निकाल लागतो त्या दिवशी दोघं कोर्टातून बाहेर पडतात, भडंग विकत घेतात आणि कृष्णेच्या घाटावर बसून खातात. खाता खाता तो रडायला लागतो. हमसून रडतो. ती ओढणीनं त्याचं तोंड पुसते, ओढणीला भडंगाचं तिखट लागलेलं असतं, ते त्याच्या डोळ्यांत जातं, आणि मग दोघंही रडत रडत हसत सुटतात. केंद्रात ते वाचताना माझी रेघ सर्वांत वर गेली होती. अभिनंदन माझ्यासमोर कधीही रडलेला नव्हता. पुस्तकानं होत्याचं नव्हतं केलं तेव्हाही नाही.

तिनं माझ्यावर दया केली होती. गप्प बसले असते तर ते पान तसंच राहिलं असतं आणि घरी जाऊन मी सुखानं जेवले असते.

मी उभी राहिले. खुर्ची वाजली. सगळे वळले.

“मधला उतारा राहिला,” मी म्हटलं. “घाटावरचा. तोही वाचा.”

“केतकीताई, नको,” मृण्मयी हळू आवाजात म्हणाली. माइकमुळं ते सगळ्यांना ऐकू गेलं.

“वाचा हो. आहे तसा वाचा.”

तिनं पानं मागं उलटली आणि वाचायला लागली. मी खाली बसले. ओढणीपर्यंत आली तेव्हा अभिनंदनच्या गालावरून पाणी वाहायला लागलं. माझ्यासमोर पहिल्यांदाच, आणि तेही तिच्यासाठी. मी त्याला रुमाल दिला, दात घट्ट आवळले, आणि पुढचं वाक्य चुकू नये म्हणून कान देऊन ऐकत राहिले.